सालहाचं पान

सोमवार, ५ फेब्रुवारी

आजपासून मी विभागप्रमुख. कशाचा, ते लिहिताना पेन जरा अडखळतं. स्त्री-अभ्यास विभागाचा.

एकतीस वर्षं अरबी व्याकरण शिकवलं. कर्ता, कर्म, क्रियापद यांपलीकडे कुणाच्या भानगडीत पडलो नाही. आज डीन सी नाजींनी, म्हणजे नाजीसाहेबांनी, बोलावून घेतलं, स्वतःच्या हाताने कॉफी पुढे केली आणि म्हणाले, "सी शादली, आधीच्या मादाम फ्रान्सला मुलाकडे गेल्या त्या परत येत नाहीत. जूनपर्यंत खुर्ची रिकामी ठेवता येत नाही. तिथे तुमच्यासारखा शिस्तीचा माणूस हवा. घाई न करणारा."

'घाई न करणारा' हे त्यांनी दोनदा म्हटलं. बरं वाटलं. हल्ली गुणांची कदर कोण करतं?

घरी रफीकाला सांगितलं तर ती भाजी चिरायची थांबली आणि हसत सुटली. "तू? बायकांच्या विभागात? अरे, बायको बोलायला लागली की तू आधी तिचं व्याकरण सुधारतोस, मग ऐकतोस. कधी कधी ऐकायचं राहूनच जातं."

मी दुर्लक्ष केलं. प्रशासकीय पद आहे, नोंदी असाव्यात म्हणून ही वही आणली.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

विभाग म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. खिडकीबाहेर संत्र्याचं झाड. अकरा विद्यार्थिनी, तासावर येणाऱ्या दोन बाई, एक कायम प्राध्यापिका मादाम फौझिया, आणि झाडलोट करून सगळ्यांना कॉफी देणारी खालती मबरूका. तिला सगळे खालती, म्हणजे मावशीच म्हणतात; मीही म्हणू लागलो.

मादाम फौझियांनी उठून खुर्ची दिली आणि विचारलं, "आम्हाला बंद करायला पाठवलंय ना तुम्हाला?"

"मला प्रमुख म्हणून पाठवलंय."

"तेच विचारतेय मी."

असं तोंडावर बोलणं मला आवडत नाही. पण माहिती त्यांनी नीट दिली. विभागाची मान्यता जूनमध्ये संपते. ती पुढे चालू राहायची तर गेल्या दोन वर्षांत निदान एक प्रबंध मंजूर झालेला हवा. एकही झालेला नाही. आधीच्या मादामच्या आजारपणात सगळं रखडलं. एकाच मुलीचा प्रबंध पुरा होण्यासारखा आहे. १५ जूनच्या आत तिची व्हायवा झाली तर विभाग राहील, नाही तर समाजशास्त्रात विलीन होईल आणि या दोन खोल्यांत संगणक बसतील.

"आणि व्हायवाच्या अर्जावर प्रमुखाची सही लागते," मादाम म्हणाल्या. "म्हणजे तुमची."

मी म्हटलं, नियमात बसलं तर सही होईल.

मंगळवार, २० फेब्रुवारी

त्या मुलीचं नाव रेबाह. कैरुआनकडच्या खेड्यातली. अंगाने काटकुळी, आवाज मात्र बाजारात ओरडायची सवय असल्यासारखा. विषय: ट्रकमध्ये उभं राहून शेतमजुरीला जाणाऱ्या बायका. तिची आई अजून जाते.

पहिली पन्नास पानं वाचली. विश्लेषण ठीक. पण मुलाखती जशाच्या तशा गावठी बोलीत! 'ट्रकच्या फळ्यांवर ड्रायव्हर सकाळी बादलीभर पाणी ओततो, म्हणजे कुणी बसू नये. बसलेली बाई दोन उभ्या बायांची जागा खाते.' असली वाक्यं विद्यापीठाच्या प्रबंधात!

मी म्हटलं, "हे शुद्ध अरबीत आण."

"उस्ताद, ती बाई असं बोललीच नाही."

"अर्थ तोच राहतो."

"नाही राहत," ती म्हणाली. "शुद्ध भाषेत आणलं की ती बाई ट्रकमधून उतरते आणि खुर्चीवर बसते."

उद्धटपणा आहे. पण वाक्यरचना निर्दोष होती, हे मान्य करावं लागेल.

पाणी ओततात हे मला माहीत नव्हतं.

बुधवार, ६ मार्च

आज विभागात माझी छाप पडली. रेबाह रडकुंडीला आली होती. साठीच्या बायका बोलायला तयार होत नाहीत. त्यांना मुलांची लाज वाटते, गावाची भीती वाटते. अजून निदान एक मुलाखत हवी.

मी म्हटलं, "माझ्या बहिणीकडे जा. सालहा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ऐन-लोझ गावात असते. जन्मभर शेतात राबली, पण कधी तक्रार नाही. शाळा तिला मुळातच आवडत नव्हती, मोकळ्या हवेची आवड. तुझ्या प्रबंधात समाधानी बाईचीही बाजू येईल. समतोल राहील."

मादाम फौझियांनी कपावरून माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्ही लहानपणी सालहाला विचारलं होतंत?"

"विचारायचं काय? आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे."

लगेच सालहाला फोन लावला. "एक मुलगी येईल. तिच्याशी नीट बोल."

"काय बोलू?"

"जे खरं असेल ते."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "बरं."

शुक्रवार, २२ मार्च

रोजे चालू आहेत. डोकं दुखतं. रेबाह जाऊन आली.

"उस्ताद, तुमची बहीण तीन तास बोलली."

"सालहा? ती तीन वाक्यं बोलत नाही."

"मध्ये कुणी बोललं नाही ना," रेबाह म्हणाली, "म्हणून."

बुधवार, १० एप्रिल

ईद. पोरं फ्रान्समधून फोनवर दिसली, बोलली. सालहालाही फोन केला. ती नेहमी सगळ्यांची विचारपूस करते, आज आधी म्हणाली, "तुझी ती मुलगी चांगली आहे. ऐकते." मग रफीकाला फोन मागितला आणि दोघी बराच वेळ बोलल्या. काय, ते मला सांगितलं नाही.

सोमवार, २२ एप्रिल

पूर्ण प्रबंध हाती आला. आज चौऱ्याऐंशीव्या पानापर्यंत गेलो.

त्यावर मुलाखत क्रमांक चौदा आहे. नाव दिलेलं नाही, गाव दिलं आहे. इथे उतरवून ठेवतो, कारण पुन्हा ते पान उघडायची इच्छा नाही:

'मला शाळा आवडायची. हे लिही. चौथीत मी वर्गात पहिली होते. आई अंथरुणाला खिळली. बाबा म्हणाले, दोघांपैकी एकच शाळेत जाईल. मी दोन दिवस जेवले नाही. मग जेवले. माझं दप्तर धाकट्या भावाला दिलं, कारण त्याचं फाटलं होतं. पुढच्या आठवड्यात ट्रकवर चढले. भाऊ आता मोठा प्राध्यापक आहे, व्याकरण शिकवतो. तो शिकला याचं मला वाईट वाटत नाही, चांगलंच झालं. पण तो लोकांना सांगतो, तिला शाळा आवडत नव्हती. त्याला काय माहीत नव्हतं? उंबऱ्यात बसून बघत होता. नऊ वर्षांचा होता, वासरू नव्हता.'

शेवटच्या वाक्यात शब्दांचा क्रम चुकला आहे. मी खाली लाल रेघ मारली. मग बराच वेळ तीच रेघ गडद करत बसलो.

मंगळवार, २३ एप्रिल

प्रबंधात व्याकरणाच्या एकूण २१२ चुका आहेत. अशा स्थितीत सही करणं माझ्या तत्त्वात बसत नाही. शिवाय काही मजकूर विषयाला सोडून आहे. विशेषतः पान ८४ वरचा एक परिच्छेद. अभ्यास ट्रकचा आहे, दप्तराचा नाही.

तसा शेरा लिहून प्रबंध परत केला.

मंगळवार, ३० एप्रिल

सी नाजी जिन्यात भेटले. प्रबंध परत पाठवल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शाब्बास. दर्जाच्या बाबतीत तडजोड नको. सावकाश होऊ द्या, सी शादली. सावकाश."

इतकं कौतुक होऊनही आज जेवण गेलं नाही.

सोमवार, ६ मे

मादाम फौझियांनी दार लावून घेतलं.

"चाळीस दिवस उरलेत. परीक्षकांना तारीख द्यायला तीन आठवडे लागतात. तुम्ही सही का करत नाही?"

"व्याकरण."

"सी शादली, माझ्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाईक 'रंग आवडला नाही' म्हणालं की ते सांगायचे, याला रंगाचं काही नाही, याच्या घरी काहीतरी झालंय. तुमच्या घरी काय झालंय?"

मी म्हटलं, आपण मर्यादा सोडून बोलत आहात. त्या उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "या खोलीत मी सतरा वर्षं बसले आहे. आम्हाला बंद करायला कुणी वाईट माणूस येईल, असं मला वाटायचं. तुम्ही वाईट नाही आहात. त्याचाच जास्त राग येतो."

खालती मबरूकाने नंतर कॉफी आणली. त्यात साखर नव्हती. ती साखर कधी विसरत नाही.

शुक्रवार, १० मे

रेबाह आली. २१२ पैकी स्वतःच्या लिखाणातल्या सगळ्या चुका तिने दुरुस्त केल्या आहेत. मुलाखतींना हात लावलेला नाही. पान ८४ तसंच.

"हा परिच्छेद काढायला सांगितलं होतं."

"उस्ताद, ते पान माझं असतं तर मी काढलं असतं. मला डिग्री हवी आहे, आईला मी ट्रकवरून उतरवणार आहे. पण ते पान तुमच्या बहिणीचं आहे. तिला विचारा. ती म्हणाली काढ, तर आत्ता काढते."

एवढंच म्हणून ती उभी राहिली. रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

बुधवार, १५ मे

प्रबंध घरी टेबलावर राहिला होता. संध्याकाळी आलो तर रफीका समोर बसलेली, चष्मा लावून. पान तेच.

मी म्हटलं, "सालहाच्या लक्षात नीट राहिलेलं नाही. म्हातारपणी माणसं..."

"आपल्या लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात तिने मला हे सांगितलं होतं," रफीका म्हणाली. "ह्याच शब्दांत."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या आईने मरताना तिची माफी मागितली, मी तिथे होते. तू पाहुण्यांसाठी खुर्च्या आणायला गेला होतास."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

तिने चष्मा काढला. "तू नऊ वर्षांचा होतास, त्याबद्दल तुला कुणी काही म्हणत नाही, शादली. आता एकसष्टचा आहेस."

मी शाळेत न्यायचो ते दप्तर निळं होतं. बक्कल पितळी. हे मला आठवतं. दप्तर कुठून आलं ते मी कधी आठवलं नव्हतं. की आठवायचं नव्हतं, देव जाणे. लिहून ठेवतो: ती रडत होती. भट्टीमागे बसून. मला दिसत होती.

रविवार, १९ मे

ऐन-लोझला जाऊन आलो. कॉफी, साखर, तिच्या सुनेसाठी कापड, सगळं घेतलं. वाटभर वाक्यं जुळवली. 'सालहा, तुझ्या भावना मी समजतो, परंतु शैक्षणिक दृष्टीने...'

ती अंगणात भट्टीत रोट्या लावत होती. कोपरापर्यंत हात आत. मला बघून म्हणाली, "मेलं कोण?"

"कुणी नाही."

"मग ईद नसताना कसा आलास?"

मी सामान ठेवलं. तिने गरम रोटी, तेल आणि हरीसाची तिखट चटणी पुढे ठेवली. मी खाल्लं. दोन रोट्या खाल्ल्या तरी जुळवलेलं वाक्य बाहेर येईना. शेवटी म्हटलं, "तू त्या मुलीशी बोललीस ते छापून आलंय. चौऱ्याऐंशीव्या पानावर."

ती थबकली. "माझं? आख्खं पान?"

"आख्खं पान."

"अगं बाई!" तिने ओढणीने तोंड पुसलं. चेहरा असा फुलला की मला खाली बघावं लागलं. "आणि नाव? नाव कसं लिहिलंय?"

"नाव नाही. 'मुलाखत क्रमांक चौदा' असं आहे. तुला त्रास होऊ नये म्हणून."

"चौदा नंबर मेंढीला देतात. माझं नाव घालायला सांग."

"सालहा, नाव घातलं तर मी कोण ते सगळ्यांना कळेल."

हे बोललो आणि बोलल्यावर ऐकू आलं. तिने भट्टीतली शेवटची रोटी काढली, टोपलीत टाकली, झाकली. मग माझ्यासमोर येऊन बसली, लहानपणी बसायची तशी मांडी घालून, फक्त बसायला आता वेळ लागतो.

मी पिशवीतून प्रबंध काढला. "वाचून दाखवतो, मग तूच ठरव."

"ठेव ते. मी बोलले तेव्हा मी तिथेच होते."

मी म्हटलं, "तू भट्टीमागे रडत होतीस. मी पाहिलं होतं."

"माहीत आहे मला. तू पाहिलंस ते मी पाहिलं होतं."

"मग मी ते... मी लोकांना वेगळंच सांगत राहिलो. का, ते मला कळत नाही."

"त्यात काय कळायचंय? तसं म्हटलं की तुला दप्तर उचलता यायचं."

एक कोंबडी येऊन रोटीचा तुकडा घेऊन गेली. मी विचारलं, "रागावली आहेस?"

"होते. चाळीस वर्षं होते. मग गुडघे दुखायला लागले. राग आणि गुडघे दोन्ही सांभाळणं जमेना, तेव्हा एक सोडला." ती हसली आणि मग हसली नाही. "पण शाळा आवडत नव्हती असं पुन्हा म्हणालास ना, तर कॉलेजात येऊन तुझ्या पोरींसमोर ओरडेन. रस्ता मी त्या मुलीला विचारून ठेवलाय."

निघताना मला मिठी मारायची होती. आमच्यात तशी पद्धत नाही. तिने माझ्या कोटावरचं पीठ झटकलं. पीठ तिच्याच हाताचं होतं, त्यामुळे आणखी लागलं.

सोमवार, २० मे

सकाळी आठ वाजता सही केली. बोलीत काही बदल नाही. मुलाखत चौदाच्या जागी बाईचं पूर्ण नाव, तिच्या संमतीने. रेबाहला कागद दिला तर ती बघतच राहिली. दोनदा सही तपासली.

"तुमचं नावही येतंय त्यात, उस्ताद. त्यांनी माहेरचंच आडनाव ठेवलंय."

"व्याकरणाच्या दृष्टीने योग्य आहे ते," मी म्हटलं.

मादाम फौझियांनी टेबलावरून फोन माझ्याकडे सरकवला आणि परीक्षकांचा नंबर सांगितला. दुपारपर्यंत आम्ही दोघं फोनच करत होतो. कॉफीत साखर होती.

मंगळवार, २१ मे

सी नाजींनी बोलावलं. कॉफी नव्हती.

"घाई झाली असं नाही वाटत, सी शादली?"

"मी नियम वाचला, साहेब. दुरुस्त प्रत आल्यावर प्रमुखाने सात दिवसांत सही करावी, असं कलम नऊमध्ये आहे. मी आधीच तीन दिवस उशीर केला आहे. त्याची लेखी कबुली फाईलला लावली आहे."

ते पुन्हा फोनमध्ये बघू लागले. त्यांनी मला या जागेवर का नेमलं होतं, ते मला बहुधा त्या वेळी कळलं. वाईट वाटलं, पण फार नाही.

बुधवार, १२ जून

व्हायवा. क्रमवार लिहितो.

सभागृहात साठ-सत्तर माणसं. रेबाहची आई ईदची ओढणी घेऊन आलेली, पाठ भिंतीला टेकायची तिला भीती वाटत होती, भिंत मळेल म्हणून. सालहा सकाळच्या सामायिक टॅक्सीने आली, तिसऱ्या रांगेत बसली. बरोबर ऐन-लोझच्या चार बायका. मी आणि रफीका पहिल्या रांगेत. सी नाजी कडेला, फोनमध्ये बघत.

रेबाह छान बोलली. ट्यूनिसहून आलेले परीक्षक मात्र कडक. चष्मा नाकावर, बोट पानावर. "बायकांच्या आठवणींवर किती विसंबायचं? उदाहरणार्थ पान चौऱ्याऐंशी. या बाई सांगतात, चौथीत वर्गात पहिल्या होत्या. पन्नास-बावन्न वर्षांपूर्वीची गोष्ट. पुरावा काय? माणूस जुनं आठवताना स्वतःला मोठं करतो."

रेबाहने तोंड उघडलं, पण मागून आवाज आला. "पुरावा हवाय का साहेबांना?"

सालहा उभी होती. एका हाताने पुढची खुर्ची धरून.

"त्या पानावरची मीच. पुरावा तो बघा, पहिल्या रांगेत बसलाय. विचारा त्याला."

सगळ्या माना वळल्या. सी नाजींनीसुद्धा फोन खाली ठेवला. परीक्षक म्हणाले, "आपण?"

मी उभा राहिलो.

"मी हिचा धाकटा भाऊ," मी म्हटलं. "ती पहिली होती. गुरुजींनी बाबांना घरी येऊन सांगितलं होतं, हिला काढू नका. मी उंबऱ्यात बसलो होतो, ऐकलं होतं. तिला शाळा आवडायची. नंतर मी लोकांना उलटं सांगत आलो. ते खोटं होतं. पानावर आहे ते खरं आहे."

मी हे सगळं आमच्या गावच्या बोलीत बोललो, हे मला रफीकाने नंतर सांगितलं. मला पत्ता नव्हता.

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नोंद घेतली," म्हणाले. पुढचा प्रश्न त्यांनी जरा हळू आवाजात विचारला.

वीस मिनिटांनी निकाल: उत्तम श्रेणी. खालती मबरूकाने आनंदाची अशी किलकारी घातली की वाचनालयातली माणसं काय झालं म्हणून धावत आली. ऐन-लोझच्या चौघींनी तिला साथ दिली. रेबाहची आई अजून भिंतीपासून चार बोटं दूर बसून रडत होती. मादाम फौझियांनी मला खजुराची मिठाई भरवली, अक्षरशः भरवली, सगळ्यांदेखत.

सालहा माझ्यापाशी आली. "मोठ्याने बोललास," म्हणाली. "मागेपर्यंत ऐकू आलं."

घरी येऊन दुपारी तीनला आडवा झालो तो सहाला उठलो. एवढी झोप एप्रिलपासून लागली नव्हती.

शुक्रवार, २८ जून

मान्यतेचं पत्र आलं. चार वर्षं. मादाम फौझियांनी ते तीनदा वाचलं, मग खुर्चीत बसल्या आणि बूट काढून पाय समोरच्या खुर्चीवर ठेवले. सतरा वर्षांत पहिल्यांदा, असं खालती मबरूका म्हणाली.

सी नाजींचा निरोप: आपण सप्टेंबरपासून आपल्या मूळ विभागात परत जाऊ शकता, आभार. मी उत्तरात अर्ज दिला, आणखी एक वर्ष इथेच राहू द्यावं.

"आणि इथे करणार काय तुम्ही?" मादामनी पाय न हलवता विचारलं.

"व्याकरण बघेन. पोरींच्या लिखाणात चुका फार असतात."

"आणि मुलाखतींत?"

"त्यांत नसतात," मी म्हटलं.

रविवार, ३० जून

रेबाहने प्रबंधाची एक प्रत ऐन-लोझला पाठवली होती, पण तिथल्या निम्म्या बायकांना वाचता येत नाही आणि उरलेल्यांचे चष्मे जुने. सालहाने फोन करून फर्मावलं, ये आणि वाचून दाखव. रफीकाही आली.

बदामाच्या झाडाखाली चटया टाकल्या होत्या. अकरा बायका, मांडीवर नातवंडं, कुणाच्या हातात निवडायला मिरच्या. मी सालहाचं पान काढलं तर ती म्हणाली, "माझं मला पाठ आहे. हदियाचं वाच, ती सकाळपासून बसलीय."

हदिया म्हणजे शेजारची सत्तरीची बाई, वाळलेल्या अंजिरासारखी. मी वाचू लागलो. ट्रक, थंडी, ओल्या फळ्या. बायका मध्येच बोलत होत्या: "त्या दिवशी मी पण होते!" "तू नव्हतीस, तुझी जाऊ होती!" एका ठिकाणी तुर्कियाचं नाव आलं, जी मागच्या हिवाळ्यात ट्रकमधून पडून गेली. मिरच्या निवडणारे हात थांबले. तिच्या सुनेने ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं. तिने मान हलवली, मिरच्या पुन्हा हातात घेतल्या, मी पुढे गेलो.

पान उलटताना हदियाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बाळा, मी जे जे बोलले ते सगळं आहे का त्यात?"

"सगळं आहे, खालती."

"नवऱ्याबद्दल बोलले होते तेही?"

मी पुढचं पान चाळलं. होतं. बरंच होतं. "काढून वाचू का?" मी विचारलं.

तिने अंगणाच्या भिंतीकडे बघितलं. पलीकडे सावलीत म्हातारी माणसं पत्ते खेळत होती, त्यांचं खोकणं ऐकू येत होतं.

"काढतोस कशाला?" ती म्हणाली. "उलट मोठ्याने वाच. तो भिंतीपलीकडेच बसलाय."

मी घसा साफ केला आणि मोठ्याने वाचलं.